पिठ्या ढेकणाचा नर, बापाची गप्प गुणसूत्रं आणि केंद्रकातला माळा

शिंपला (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात निफाडला भावाच्या मळ्यात होते. द्राक्षाच्या ओलांड्यावरची सुटी साल सोलली तर आत कापूस चिकटल्यासारखे पिठ्या ढेकूण. भाऊ वैतागला, आणि मी मात्र पस्तीस वर्षं मागे गेले. एम.एस्सी.ला असताना आमच्या बाईंनी याच जातकुळीच्या किड्याचे भ्रूण काचपट्टीवर दाबून, कार्मिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. काही भ्रूणांत पेशींची केंद्रकं सगळीकडे सारखी फिकट रंगलेली. बाकीच्यांत मात्र प्रत्येक केंद्रकात एका बाजूला एक गडद ठिपका. बाई म्हणाल्या, "हे नर आहेत. आणि तो ठिपका म्हणजे त्यांचा बाप."

त्यावर सविस्तर लिहायचं किती वर्षं मनात होतं. आज लिहिते.

लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात दहा गुणसूत्रं असतात, पाच आईची, पाच बापाची. मुलगा आणि मुलगी दोघंही फलित अंड्यातूनच जन्मतात. मुलीत दहाच्या दहा गुणसूत्रं काम करतात. मुलात मात्र भ्रूण अगदी लहान असतानाच बापाकडून आलेली पाचही गुणसूत्रं आखडून एकत्र गोळा होतात आणि त्यांच्यावरची जनुकं गप्प होतात. हाच मुलगा मोठा होऊन शुक्राणू तयार करतो तेव्हा ती पाच पुढे जातच नाहीत. म्हणजे तो आपल्या मुलांना फक्त आपल्या आईचा वारसा देतो.

ती खरंच गप्प असतात हे कशावरून? कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला स्पेन्सर ब्राउन आणि वॉल्टर नेल्सन-रीस यांनी १९६१ साली क्ष-किरण वापरून दाखवलं. नरांवर किरण सोडून त्यांच्या गुणसूत्रांची मोडतोड केली आणि मग मिलन घडवलं. मुली मेल्या, मुलगे जगले. बापाची गुणसूत्रं मुलांमध्ये वापरातच नव्हती, त्यामुळे ती मोडलेली असूनही काही अडलं नाही. आईवर किरण सोडले तेव्हा मुलगे, मुली दोघांनाही फटका बसला.

आता यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बहिणीत जी गुणसूत्रं बोलतात तीच भावात गप्प आहेत. डीएनएची अक्षरं तीच. फरक आहे तो बांधणीत आणि केंद्रकातल्या जागेत. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो राहतो काही मायक्रॉन रुंदीच्या केंद्रकात. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या रिळाला १४७ अक्षरजोड्यांचा वेढा, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. रिळांसकट हा सगळा धागा म्हणजे क्रोमॅटिन. तो कुठे सैल असतो, कुठे घट्ट. एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्ये मॉसच्या पेशींत पाहिलं की गुणसूत्रांचे काही भाग पेशीविभाजन संपल्यावरही उलगडत नाहीत, गडदच राहतात. त्यांना त्यांनी हेटरोक्रोमॅटिन म्हटलं. पुढे सस्तन प्राण्यांच्या बहुतेक पेशींत दिसलं की हा घट्ट माल केंद्रकाच्या कडेला, आतल्या अस्तराला चिकटून असतो, आणि काम चालतं ते मधल्या मोकळ्या भागात.

आपल्या घरातल्या माळ्यासारखं. आणि माझा प्रश्न तोच आहे: सामान माळ्यावर गेलं म्हणून वापरातून गेलं, की वापरातून गेलं म्हणून माळ्यावर गेलं?

ओलांडा

ताई, दिंडोरीत माझी चार एकर थॉमसन द्राक्षं आहेत. या पिठ्या ढेकणाने, मिलीबगने, दोन हंगाम रडवलंय. पण त्याच्या पोटात हे असं काही असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. बागेत दिसतात ते नर की माद्या? आणि या माहितीचा फवारणीत काही उपयोग?

शिंपला

ओलांडादादा, घडावर पांढऱ्या पिठासारख्या दिसतात त्या माद्या आणि पिल्लं. नुकसान त्यांच्यामुळेच. प्रौढ नर चिलटाएवढा, पंखवाला. त्याला खायला तोंडच नसतं आणि तो थोडे दिवसच जगतो.

फवारणीत थेट उपयोग नाही, खोटी आशा दाखवत नाही. या किड्याची गुणसूत्रंही वेगळी असतात. पेशी विभागताना आपल्या गुणसूत्राला ओढणारा दोर एकाच बिंदूला बांधलेला असतो, यांच्यात तो पूर्ण लांबीवर बांधलेला. त्यामुळे तुकडे झाले तरी ते हरवत नाहीत, आणि किरण देऊन वांझ करायला हे किडे फार चिवट ठरतात. बागेत तुम्ही करता तेच खरं: सुटी साल काढणं, मुंग्यांचा बंदोबस्त, आणि मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडले असतील तर त्यांना मारणारं औषध त्या काळात टाळणं.

केशरबोका

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली. आमच्याकडे तीन रंगांची मांजर आहे, पांढरी-काळी-केशरी. अशा मांजरी जवळजवळ नेहमी मादीच असतात हे ऐकलं होतं. ते याच्याशीच संबंधित ना?

शिंपला

हो! आणि गंमत म्हणजे पहिला पुरावा मांजरीतच मिळाला. कॅनडात मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम मांजराच्या चेतापेशी बघत होते. १९४९ मध्ये त्यांनी लिहिलं की माद्यांच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो, बोक्यांत नसतो. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी त्याचा अर्थ लावला: मादीत दोन एक्स गुणसूत्रं, त्यातलं एक प्रत्येक पेशीत गप्प केलेलं. कुठलं, ते भ्रूणावस्थेत पेशी-पेशीगणिक ठरतं आणि मग त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत तसंच राहतं. तुमच्या मांजरीच्या एका एक्सवर केशरी, दुसऱ्यावर काळा. जिथे जे गप्प त्याप्रमाणे ठिपके. पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा.

केशरी जनुक नेमकं कुठलं हे इतक्या वर्षांनी, २०२५ मध्ये, जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी छापलं. एक्सवरच्या एआरएचजीएपी३६ या जनुकाच्या आतला, प्रथिनाचा आराखडा नसलेला सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा केशरी मांजरांत गायब आहे. जनुक शाबूत आहे. पण रंगपेशींत जे गप्प असायला हवं ते तुकडा गेल्यामुळे बोलू लागलं, आणि काळा रंग तयार होणं थांबून केशरी आला. म्हणजे केशरी बोका हासुद्धा गप्प राहण्याच्या व्यवस्थेत झालेल्या बदलाचाच परिणाम.

तळटीप

माहिती उत्तम आहे. पण ताई, माळ्याचा प्रश्न विचारून तुम्ही पुढे निघून गेलात. मी अभियंता आहे, जीवशास्त्र शाळेपुरतं. दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढ्यावर एक दुसरीचं कारण ठरत नाही. घट्ट, कडेला, गप्प ही तीन विशेषणं तुम्ही एका श्वासात वापरता. ती वेगळी करून दाखवणारा प्रयोग आहे का?

शिंपला

तुमची तक्रार रास्त आहे. जागा हा शब्दच दोन अर्थांनी येतो, आधी ते वेगळे करू.

पहिला अर्थ: धाग्यावरचा शेजार. हर्मन मुलर यांनी १९३० मध्ये क्ष-किरण दिलेल्या फळमाश्यांत लाल-पांढऱ्या ठिपक्यांचे डोळे पाहिले. गुणसूत्राचा एक भाग उलटा जोडला गेल्यामुळे डोळ्याला लाल रंग देणारं जनुक हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारी येऊन पडलं होतं. जनुक धडधाकट, पण काही पेशींत ते गप्प झालं. घट्टपणा शेजारून पसरला आणि प्रत्येक पेशीत कमी-जास्त अंतरावर थांबला. मग शोधकांनी असे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या माश्या) शोधले ज्यांत हे पसरणं अडतं आणि डोळा पुन्हा लाल होतो. त्यातून व्यवस्थेतली माणसं एकेक करून सापडली. एचपी१ हे प्रथिन १९८६ मध्ये सॅरा एल्गिन यांच्या प्रयोगशाळेत. सन २००० मध्ये व्हिएन्नात थॉमस येनुवाइन यांच्या गटाला एक विकर (एन्झाइम) सापडलं जे एच३ या हिस्टोनच्या साखळीतल्या नवव्या दुव्यावर, लायसिनवर, मिथाइलची छोटी रासायनिक खूण लावतं. पुढच्याच वर्षी दिसलं की एचपी१ त्याच खुणेला धरतं आणि ते विकरालाही बोलावतं. खूण, धरणारा, परत खूण. रांगेतल्या माणसानं शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसं पुढे पुढे.

दुसरा अर्थ: केंद्रकाच्या गोलात प्रत्यक्ष कुठे. यासाठी माझा सर्वांत आवडता प्रयोग पुन्हा फळमाशीचाच. डोळ्याच्या रंगाशी संबंधित ब्राउन नावाच्या जनुकाच्या एका प्रतीत हेटरोक्रोमॅटिनचा मोठा तुकडा घुसलेला असतो. ती प्रत बिघडणार हे उघडच आहे. पण जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावरची निरोगी प्रतसुद्धा गप्प होते! माशीत जोडीची गुणसूत्रं एकमेकांना चिकटून राहतात. १९९६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की घुसलेला तुकडा केंद्रकातल्या मोठ्या हेटरोक्रोमॅटिनकडे ओढला जातो आणि जाताना निरोगी जोडीदारालाही तिथे घेऊन जातो. निरोगी प्रतीच्या धाग्यावर काहीच बदललेलं नाही. बदलली ती जागा, आणि ती गप्प झाली.

तळटीप

हा प्रयोग पटला. पण तो हेटरोक्रोमॅटिनच्या गोळ्याचा झाला. केंद्रकाच्या कडेचं काय?

परदेशी_पाऊस

इतके दिवस नुसता वाचक होतो, या प्रश्नावर लॉगिन केलं. मी स्वित्झर्लंडमध्ये, रोज हेच काम करतो.

कडेच्या अस्तरात लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी असते. कुठली जनुकं तिला टेकतात याचा माणसाच्या पेशींतला पहिला पूर्ण नकाशा २००८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या बास व्हान स्टीनसेल यांच्या गटाने काढला. तेराशेहून जास्त पट्टे निघाले, काही तर लक्षावधी अक्षरांचे, आणि त्यांतली बहुतेक जनुकं गप्प. त्याच वर्षी तीन प्रयोगशाळांनी तळटीप यांना हवा तसा प्रयोग केला: जनुकाशेजारी जीवाणूच्या डीएनएचा तुकडा बसवला आणि तो धरणारं प्रथिन कडेच्या प्रथिनाला जोडून जनुक मुद्दाम कडेला बांधलं. शिकागोत जनुक गप्प झालं. एडिनबरोत शेजारची काही जनुकं दबली, काहींना फरक पडला नाही. कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये कडेला बांधलेलं जनुकही हाक दिल्यावर बोललं.

त्यामुळे कडेला असणं म्हणजे कुलूप नव्हे. ते दार लोटून घेणं आहे.

उलट बाजूचा प्रयोग सूत्रकृमीत झाला, बाझलला सुझन गॅसर यांच्याकडे. इथे नवव्या लायसिनवरची मिथाइल खूण लावणारी दोन्ही विकरं काढली, तर हेटरोक्रोमॅटिन कडेपासून सुटतं आणि त्यातली चाचणीसाठी घातलेली जनुकं बोलू लागतात. २०१५ मध्ये त्यांना सीईसी-४ सापडलं. हे प्रथिन कडेला बसून ती खूण धरतं. फक्त सीईसी-४ काढलं, खूण तशीच ठेवली, तर भ्रूणात हेटरोक्रोमॅटिन कडेपासून सुटतं पण जनुकं गप्पच राहतात. खूण गेली तर जागा आणि शांतता दोन्ही जातात. नुसती जागा गेली तर शांतता टिकते.

पण थांबा. त्याच सूत्रकृमींच्या भ्रूणांना जबरदस्तीनं स्नायूपेशी व्हायला लावलं, तेव्हा सीईसी-४ नसलेल्या काही भ्रूणांना ते रूप टिकवता आलं नाही. ताण आला की माळ्याची किंमत कळते.

शिंपला

पाऊसदादा, किती नेमकं लिहिलंत. मी सीईसी-४चं फक्त नाव ऐकून होते. दार लोटून घेणं ही उपमा माझ्या माळ्यापेक्षा चांगली आहे.

केशरबोका

मग घट्ट माल कडेला नसलेल्या पेशी निसर्गात आहेत का? की त्या जगूच शकत नाहीत?

परदेशी_पाऊस

आहेत. आणि त्या तुमच्या मांजरीच्या डोळ्यात आहेत.

रात्री हिंडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या रॉड पेशींत केंद्रक उलटं असतं. घट्ट क्रोमॅटिन मध्यभागी, बोलणारी जनुकं कडेला. इरिना सोलोव्हेई आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे मांडलं. उंदराच्या पिल्लात जन्मावेळी केंद्रक नेहमीसारखंच असतं, पुढच्या काही आठवड्यांत घट्ट माल हळूहळू आत सरकतो. मधला गोळा भिंगासारखं काम करतो आणि अंधुक प्रकाश कमी विखुरतो. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांच्या रॉड पेशींत हा बदल नाही.

२०१३ मध्ये कळलं की घट्ट माल कडेला धरून ठेवणारे हात दोन, लॅमिन ए/सी आणि लॅमिन बी रिसेप्टर. या रॉड पेशींत दोन्ही नसतात. दोर सुटले की हेटरोक्रोमॅटिन आपणहून मध्ये एकवटतं, कारण त्याला स्वतःचीच ओढ आहे. जनुकं मात्र आपापली कामं करत राहतात. तळटीप, घट्ट आणि कडेला ही दोन विशेषणं इथे निसर्गानंच वेगळी करून दाखवलीत.

तळटीप

समाधान झालं. तीनांपैकी कडेला हे सर्वांत कच्चं विशेषण, आणि खूण हे चौथं, जे मी मोजलंच नव्हतं.

मृण्मयी_७

मी पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात याच विषयावर सेमिनार आहे. सगळी उदाहरणं माश्या, किडे आणि युरोप-अमेरिकेची वाटतात. आपल्याकडचं काही घेता येईल का?

शिंपला

मृण्मयी, तू तर अगदी योग्य गावात आहेस. संजीव गलांडे यांच्या गटाचं सॅटबी१ या प्रथिनावरचं काम बघ. २००६ चा त्यांचा शोधनिबंध पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आला. पुढे ते पुण्याच्याच आयसर या विज्ञानसंस्थेत गेले. सॅटबी१ टी-पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) केंद्रकात पिंजऱ्यासारखी जाळी करतं आणि डीएनएचे फास तिला बांधलेले असतात. गलांडे यांच्या गटाने दाखवलं की या प्रथिनावर फॉस्फेट बसलं की ते हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट काढणाऱ्या विकराला धरतं आणि जनुकं दबतात. फॉस्फेट निघालं की ते ॲसिटाइल लावणाऱ्याला धरतं आणि तीच जनुकं उठतात. जागा तीच, खुंटी तीच. खुंटीजवळ कोण उभं आहे यावर बोलणं किंवा गप्प राहणं ठरतं.

आणि पिठ्या ढेकणासाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला विसरू नकोस. शरत चंद्र यांनी बर्कलीत ब्राउन यांच्याबरोबर काम केलं होतं. त्यांच्या आणि वाणी ब्रह्मचारी यांच्या गटाला १९९६ मध्ये पिठ्या ढेकणाच्या नरांत क्रोमॅटिनचा असा हिस्सा मिळाला की डीएनए कापणारं विकर टाकलं तरी तो कापला जात नाही. मादीत तो नाही. आमच्या बाईंचा तो गडद ठिपका परीक्षानळीत हाताला लागला, असं मला तो निबंध वाचताना वाटलं होतं.

जुनी वही

मी डॉक्टर आहे, वेगळ्या बाजूनं थोडं. लॅमिन ए च्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलानं लहान मुलांना अकाली वार्धक्य येतं, प्रोजेरिया. २००३ मध्ये कारण कळलं. त्या पेशींत केंद्रकाची कड सुरकुतते आणि गप्प ठेवणाऱ्या मिथाइल खुणा कमी होतात. इथे तर अस्तर आधी बिघडलं, खुणा नंतर गेल्या. २०२० मध्ये लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मुलांचं आयुष्य वाढवतं, आजार बरा करत नाही.

त्याच वर्षी टॅझेमेटोस्टॅट हे औषधही एका दुर्मीळ सारकोमासाठी (एक प्रकारच्या कर्करोगासाठी) आलं. ते ईझेडएच२ हे विकर अडवतं, जे एच३च्या सत्ताविसाव्या लायसिनवर गप्प ठेवणारी दुसरी खूण लावतं. नको ती जनुकं गप्प केली गेल्यामुळे वाढणारा कर्करोग त्यांना बोलतं करून रोखायचा, हा त्यामागचा विचार.

शिंपला

डॉक्टर, प्रोजेरियाचं उदाहरण माझ्या मताला छेद देतं, म्हणून ते महत्त्वाचं. माझं मत असं होत चाललं होतं की खूण आधी, जागा नंतर, आणि जागा ती खूण सांभाळते. पण सांभाळणाराच मोडला तर खूणही जाते. म्हणजे बाण दोन्ही बाजूंनी आहे, फक्त एक जाड आणि एक बारीक. कुठल्या पेशीत कुठला जाड, हे प्रत्येक वेळी वेगळं बघावं लागतं.

आणि ज्या ठिपक्यावरून मी सुरुवात केली तोही कायमचा नाही. उझी नूर यांनी १९६७ मध्ये दाखवलं की नर पिठ्या ढेकणाच्या काही अवयवांत बापाची गुणसूत्रं पुन्हा उलगडतात आणि कामाला लागतात. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

मृण्मयी_७

ताई, खूप खूप आभार. सेमिनारमध्ये तो ठिपका प्रत्यक्ष दाखवता आला तर? आमच्या विभागात कार्मिन आहे, सूक्ष्मदर्शक आहे. किडे कुठून आणू?

ओलांडा

पोरी, माझ्या बागेत ये, पाहिजे तेवढे घेऊन जा. पुण्याला मी दर पंधरवड्याला येतोच, डबीतही आणून देईन. ताई, फक्त नर कसे शोधायचे ते सांगा.

शिंपला

दादा, नर शोधायची गरज नाही. भरलेल्या माद्या घ्या, ज्यांच्या पोटामागे कापसासारखी अंड्यांची पिशवी दिसते त्या. फांदीवरून ओढू नका, सोंड तुटते. ओल्या ब्रशनं अलगद उचला. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल अशा मिश्रणाच्या कुपीत लगेच टाका. मृण्मयी, कुपी आणि मिश्रण तू आधी दादांकडे पोचव.

मग मादीच्या पोटातले भ्रूण सुईनं वेगळे करायचे, कार्मिनमध्ये ठेवायचे, काचेखाली अंगठ्यानं सरळ दाब द्यायचा, घासायचं नाही. एकाच मादीच्या पोटात दोन्ही तऱ्हेचे भ्रूण मिळतील, ठिपका असलेले आणि नसलेले, शेजारी शेजारी. फोटो काढलास तर इथे नक्की टाक.